ताईच्या नावाचं कवच

छपाईआधीची शेवटची प्रत तपासायला आली तेव्हा बाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आनंद होण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. शोधनिबंध कितीदा लिहिला, कितीदा परत आला, त्याचा हिशेब त्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

दगड आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ चाळायचा, त्यातला थेंबभर काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. शोधायचं काय, तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय समुद्री जिवाचं रिकामं कवच. दिवस वाईट आले की हा जीव कवच करून आत झोपतो आणि बरे दिवस आले की पाठीवरचं झाकण ढकलून चालता होतो. कवच मागे राहतं, कोट्यवधी वर्षं. बाईंना सापडलेल्या कवचाचं खालचं उजवं शिंग लांब होतं, डावं आखूड. त्याच्या सगळ्या भाऊबंदांत नेमकं उलट असतं. म्हणजे ही नवी जात, आणि तिला नाव द्यायचा मान बाईंचा.

नाव ताईचं द्यायचं ठरलं होतं. आई गेल्यावर ताईने शाळा सोडली, वडिलांचं आजारपण काढलं, धाकट्या बहिणीला, म्हणजे बाईंना, शिकवलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. "दगडातल्या किड्याला माझं नाव?" म्हणून ती आधी पोट धरून हसली होती. मग मात्र तिने जिन्यातल्या एकूण एक बिऱ्हाडाला ते सांगितलं, इस्त्रीवाल्यालाही सोडलं नाही.

संपादकाला एक फोटो जरा स्पष्ट हवा होता. बाईंनी काचपट्टी काढली, तेलाचा थेंब टाकला आणि बारीक स्क्रू फिरवत नजर वरून खाली नेली. कवचाची पाठ वर आहे असं त्या धरून चालल्या होत्या, म्हणजे झाकणाचं भोक आधी दिसायला हवं होतं. आधी दिसली ती पोटाकडची खाच. भोक आलं सगळ्यात शेवटी, तळाशी. त्यांनी स्क्रू पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला.

कवच पारदर्शक असतं. पोटाकडून पाहिलं तरी पलीकडची पाठ आरपार दिसते, आणि तीच अलीकडची धरून चाललं की डाव्याचं उजवं होतं. याच चुकीवरून बाई पहिल्या वर्षाच्या पोरांना फाडून खात. त्यांनी उरलेले नमुने काढले. होते मोजकेच, आणि सगळे पोट वर करून पडलेले. लांब शिंग डावंच होतं. जात जुनीच होती, तिचं बारसं कुणीतरी कधीच उरकलेलं.

गप्प बसलं तर? तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ताईच्या हयातीत तरी कुणाच्या येणार होतं? चहा गार होईपर्यंत बाईंनी हा विचार केला, आणि मनापासून केला. मग संपादकाला दोन ओळी लिहून निबंध मागे घेतला आणि त्या घरी गेल्या.

ताई भांडी पुसत होती. बाईंनी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे?" ताईने विचारलं.

"हो. एका डोंगराच्या."

"बाईमाणसाच्या नाही ना? मग बरं." ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. तिने पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. "चिमे, मला कधी नाव-बिव नको होतं गं. तू म्हणालीस, म्हणून हवंसं वाटायला लागलं. आता ते नकोसं कसं करू, तेवढं सांग."

बाईंना रडू येत होतं, पण त्यालाही जोर हवा.

"जिन्यातल्यांना तूच सांग," ताई म्हणाली. "माझ्याने नाही व्हायचं."

बाई तशाच मागे फिरल्या, कठड्याला धरून पहिल्या मजल्यावर उतरल्या आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडलं ते शेजारीणबाईंनी, हसतच.

"आलं का हो छापून ताईंचं नाव?"