देवीनं पेट्रोल पेलं

"चढलं! पाणी चढलं!"

माळावरची माणसं एकदम ओरडली. विमानाच्या पंखाखाली मांडी ठोकून बसलेल्या कमलगिरी महाराजांनी काचेची बाटली उंच धरली. मघाशी बाटलीला बांधलेल्या काळ्या दोऱ्यापर्यंत त्यांनी पाणी भरलं होतं. त्यावर रामरावांच्या पिंपातलं पेट्रोल ओतलं, मंत्र पुटपुटत बाटली गदगदा हलवली आणि खाली टेकवली. आता पाणी दोऱ्याच्या चांगलं बोटभर वर आलं होतं, आणि पेट्रोल तेवढंच कमी झालं होतं.

"देवीनं पेट्रोल पेलं!" महाराज गरजले. "मायनं आपला वाटा घेतला. आता हे पेट्रोल नाही, परसाद हाये परसाद! ह्या इमानाले आता ना वारा अडवन, ना गिधाड. अरे, पाणी टाकलं तरी उडन!"

आणि खरोखरच त्यांनी तांब्याभर तीर्थ पिंपात ओतलं. ते पेट्रोलमध्ये दिसेनासं झालं. बाया कपाळ जमिनीला टेकवू लागल्या.

वाशीमजवळच्या मालेगावच्या अलीकडचा हा माळ. चौऱ्याहत्तर साल. पेट्रोलची देशभर टंचाई, आणि कपाशीवर बोंडअळी उतरलेली. फवारणी कंपनीचं विमान आलं, पण त्याचं खास पेट्रोल घेऊन येणारा ट्रक अकोल्याहून निघतच नव्हता. धावपट्टीसाठी देवीचा शेंदरी दगड हलवला म्हणून हे झालं, असं लोक बोलू लागले. मग पंपवाले रामराव पुढे झाले. पेट्रोल त्यांचं, आणि देवीला शांत करणारे महाराजही त्यांच्याच घरचे पाहुणे.

गर्दीच्या मागे अंजना उभी होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा देवमन विमानाच्या कामावर होता. पिंपं लोटायची, आणि फवारणीच्या वेळी शेतात पांढरं निशाण धरून वैमानिकाला ओळ दाखवायची, हे त्याचं काम. अंजनाची नजर बाटलीवरून हलत नव्हती. गर्दी पांगल्यावर ती वैमानिकाकडे गेली. उदयसिंग त्याचं नाव. लांबच्या मुलखातला, हसतमुख माणूस.

"साहेब, पाणी आपोआप वाढत नसते. पाण्यानं पेट्रोलमधलं कायतरी ओढून घेतलं. मले वाटते, ह्याच्यात स्पिरिट मिसळलं हाये."

"शक मला पण आहे, बाईजी. पण ट्रक येत नाही. लोक रोज हात जोडतात, कंपनी तार पाठवते. मोटार चालते ना यावर? एक फेरी मारून बघतो."

"मोटार बंद पडली तं रस्त्याच्या कडेले लावता येते, साहेब."

उदयसिंग नुसता हसला.

"मास्तरीनबाई," रामराव मागून म्हणाले, "शाळा तिकडं हाये."

संध्याकाळी टाकी भरली. रात्री पाऊस झाला आणि पहाट गारठली. सकाळी विमान धावलं, उचललं, बाभळींच्या वर गेलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि आवाजच थांबला. खाली उभी असलेली माणसं तोंड उघडं ठेवून पाहत राहिली. विमान वळायचा प्रयत्न करत नाल्याच्या काठावर आदळलं आणि पेटलं.

देवमन निशाण टाकून धावला. तापल्या पत्र्यात हात घालून त्यानं उदयसिंगला बाहेर ओढलं. जीप वाशीमला पोचायच्या आधीच उदयसिंग गेला.

दुपारपर्यंत महाराजांना कारण सापडलं होतं. "परसादाले इटाळ झाला! पिंप लोटलं कोनं? देवमननं!"

पन्नासेक माणसं काठ्या घेऊन बौद्धपुऱ्यात आली. घरात देवमन कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेले हात पुढे करून बसला होता. अंजना दारात उभी राहिली.

सुदैवानं चौकशीला आलेला जमादार गावातच होता. त्याच्यासोबत कंपनीचे इंजिनिअर लखीराम, नुकत्याच पोचलेल्या ट्रकवरून उतरलेले.

"मारायचं असन तं मारा," अंजना म्हणाली. "पण आधी पाहून घ्या. महाराज, कालचा चमत्कार आज पुन्हा करा. ट्रकातल्या पेट्रोलवर."

जमादारानं बाटल्या मागवल्या. सगळ्यांदेखत महाराजांना मंत्र म्हणावाच लागला. बाटली हलली, टेकली. पाणी दोऱ्याला होतं तिथंच होतं.

"देवीनं तोंड फिरवलं," महाराज पुटपुटले.

रामरावांच्या पिंपातलं उरलेलं पेट्रोल अंजनानं दुसऱ्या बाटलीत ओतलं. एक शब्द न बोलता हलवलं. पाणी चढलं.

"तोंड फिरवलं, मंग हे कायले पेते?"

मग तिनं दवाखान्यातून आणलेलं, सुई टोचण्याआधी लावतात ते स्पिरिट ट्रकातल्या पेट्रोलमध्ये मिसळलं, पाण्यावर ओतलं आणि हलवलं. बोटभर पाणी वर आलं.

"मंत्र नाही, परसाद नाही. आन हात माहा हाये, बौद्धाच्या बाईचा. तरी चढलं."

लखीराम पुढे आले. "ही आमची रोजची तपासणी आहे. पाणी वाढलं की ते पेट्रोल विमानात घालायचं नाही. टंचाईत पेट्रोल वाढवायला ह्या पंपवाल्यानं त्यात स्पिरिट मिसळलं. दुपारच्या उन्हात तीर्थ स्पिरिटच्या जोरावर पेट्रोलमध्ये विरघळलं. पहाटे गारठ्यानं ते पाणी, स्पिरिटला घेऊन, टाकीच्या तळाशी बसलं. इंजिननं पेट्रोलऐवजी तेच ओढलं. ज्या खुणेनं उदयसिंगचा जीव वाचला असता, तिलाच तुम्ही चमत्कार म्हणालात."

जमादारानं महाराजांचा दंड धरला. रामराव मागच्या मागे सटकू पाहत होते. त्यांना त्यांच्याच माणसांनी अडवलं. काठ्या खाली झाल्या. देवमनच्या दाराकडे न बघता माणसं एकेक करून निघाली. माफी कोणीच मागितली नाही.

म्हातारी प्रयागबाई तेवढी थांबली. काल तिनंच सगळ्यात आधी कपाळ टेकवलं होतं.

"मंग बाई, देवी खोटी म्हनाव का?"

"देवीचं तुमचं तुमी पाहा, प्रयागबाई. मी बाटलीचं सांगते. कोनी चमत्कार दाखवला तं हात जोडायच्या आधी इचारा: मंत्र काढून टाकला तं काय उरते? दुसऱ्याच्या हातानं होते का? इचाराले पाप लागत नाही. काल ह्या गर्दीतल्या एकानं जरी माह्यासंगं इचारलं असतं, तं तो मानूस आज जित्ता असता."