धूळकाकांचं फसलेलं प्रात्यक्षिक

धूळकाकांनी एकदा वीज नसलेल्या घरात व्हॅक्यूम क्लीनर विकला होता. घेणारा म्हणाला, "पण याला वीज लागते ना?" काका म्हणाले, "आज ना उद्या येईलच की. तेव्हा लोक दुकानापुढे रांगा लावतील, आणि तुम्ही घरी पाय पसरून बसलेले असाल." त्या माणसाने यंत्र घेतलं, कोपऱ्यात ठेवलं, वर फुलदाणी मांडली, आणि पुढे त्या घरात वीज आली ती म्हणे लाजेकाजेस्तव. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्याने सांगितलं तो सहसा थापा मारत नाही. मारल्याच तर माझ्यापेक्षा कमी.

धूळकाका हे नाव त्यांना धंद्याने दिलं. दारात उभं राहायचं, तोंडभर हसायचं, हसता हसता आत शिरायचं आणि घरच्या बाईला काही कळायच्या आत पिशवीतली मूठभर धूळ तिच्या स्वच्छ गालिच्यावर ओतायची. बाई ओरडायच्या बेतात आली की यंत्र सुरू. घर्रर्र. गालिचा पहिल्यापेक्षा लख्ख. याला ते प्रात्यक्षिक म्हणत. प्रात्यक्षिकाचे त्यांचे नियम ठरलेले होते. समोरच्याला आधी तोंड उघडू द्यायचं नाही. आपल्या यंत्राची खोट आपण सांगायची नाही. आणि ओतलेली धूळ उचलल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. हा शेवटचा नियम त्यांना सगळ्यांत पवित्र वाटे. कंपनीने त्यांना इतकी पदकं दिली की वजनाने कपाट पुढे झुकलं आणि पायाखाली लाकडाचा तुकडा सारावा लागला.

चर्चमध्ये त्यांचा बाक खिडकीशी. डाव्या हाताला काकू बसायच्या. काकांचा गळा मोठा आणि सूर परका, त्यामुळे गाताना ते फारच वाहवत गेले की काकू त्यांना दंडाला बारीक चिमटा काढत. मग काका सूर तोच ठेवून आवाज तेवढा कमी करत. ही तडजोड सगळ्या मंडळीला मान्य होती.

काकू गेल्या. अंत्यविधीला काकांनीच सगळ्यांचं सांत्वन केलं. "ती प्रभूजवळ आहे, यात रडायचं काय?" असं म्हणत ते एकेकाच्या पाठीवर थाप मारत होते, तोंडावर तेच धंद्यातलं हसू. पाळकसाहेबांनी पुढच्या उपदेशात त्यांचं उदाहरण दिलं. विश्वासातला आनंद असा असतो, म्हणाले.

मी मागच्या बाकावरचा माणूस. मागून चेहरे दिसत नाहीत, माना दिसतात, आणि मानेला खोटं बोलणं अजून कुणी शिकवलेलं नाही. प्रत्येक गीताला काकांची मान डावीकडे वळे. तिथे कुणी नसे. मान पुन्हा सरळ होई.

एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली. "तुमच्या मित्राला सांगा हो, किती साफ करतात घर. रोज दिवेलागणीला सुरू होतात." वर जाऊन पाहतो तर खोलीच्या मधोमध व्हॅक्यूम क्लीनर एकटाच घरघरत उभा, आणि काका शेजारी खुर्ची टाकून जेवत बसलेले.

"धूळ फार येते रे," ते म्हणाले.

जमीन आरशासारखी होती. आवाजच इतका होता की बोलून उपयोग नव्हता, आणि तो आवाज त्यासाठीच होता.

अशात पाळकसाहेबांनी जाहीर केलं की येत्या महिन्यात एक रविवार पाहुण्यांचा. ज्याने कधी प्रभूचं नाव ऐकलं नाही किंवा ऐकून कानाआड केलं, असा एक तरी माणूस प्रत्येकाने बरोबर आणायचा. काका लगेच उभे. "माझ्या बाकाची काळजी सोडा, साहेब. या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून दाखवतो." मंडळी हसली. काकांनी विकायला घ्यावं आणि माल राहावा, असं कधी झालं नव्हतं.

बाहेर पडताना मात्र त्यांनी माझी बाही धरली. "बाक भरायचं राहू दे. एक जण शेजारी बसला तरी पुरे आहे रे मला. ती जागा बघवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून काका गल्लीत फिरू लागले. पण माणूस जन्मभर एकच काम करतो तेव्हा हात तेच करतात. काकांनी ठरवलं, आधी धूळ ओतायची, मग उचलायची. शिंप्याच्या दुकानात गेले. शिंपी मजेत शीळ घालत पँट कापत होता.

"खरं सांगा, सुखी आहात का?" काका म्हणाले.

"आहे की."

"रात्री झोप लागते?"

"लागते."

"मुलं विचारतात?"

शिंप्याची कात्री थांबली. "तशी विचारतात," तो म्हणाला. काका खुलले. "आता माझ्याकडे बघा. बायको गेली, घर रिकामं, तरी चेहरा कसा आहे?" आणि ते हसले. शिंप्याने त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि एक पाय वीतभर आखूड कापून ठेवला. ती पँट अजून दुकानात लटकते. एका पायाने उंच अशा गिऱ्हाइकाची वाट बघते आहे. बँकेच्या पहारेकऱ्याने तर काका येताना दिसले की आत जाऊन दार लावून घ्यायला सुरुवात केली. मॅनेजर खूश. म्हणाला, पहारा हल्ली फार कडक झाला आहे.

असं करत करत काका विगवाल्या बाईच्या दारात पोचले.

ही बाई नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवायची. तिच्या खिडकीत लाकडी डोकी ओळीने मांडलेली असत. माझ्या एका चुलतभावाला लांबचं दिसत नाही. तो त्यातल्या एका डोक्याला जाता येता मान लववून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, शिष्ट आहे हो बाई, पण रूप आहे. खुद्द विगवाल्या बाईला मात्र फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. जाळीच्या टोपीत बारीक आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारायची, असं तिचं काम. दिवस संपे तेव्हा तळहाताएवढा भाग झालेला असे.

तिच्या बोटांत केस होते म्हणून तिला दार नीट लावता आलं नाही, आणि काका आत आले. विक्रेत्याची नजर खोलीत धूळ ओतायची जागा शोधते. कामाच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसली. दुसरीवरची उशी फुगवून ठेवलेली, आणि कुणी न बसल्याने तशीच फुगलेली.

"इथे कोणी बसत नाही वाटतं," काका म्हणाले.

"बहीण बसायची."

"गेल्या?"

"हं."

"म्हणजे आता तुम्ही एकट्याच. बोलायला कोणी नाही. या डोक्यांशीच बोलत असाल," काका म्हणाले, हसत.

बाईच्या बोटांतून केस सुटले. "हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं आधी तिचा चेहरा पुसट होईल. चेहरा आहे. आवाज हरवत चाललाय. काल दिवसभर आठवत होते, ती मला हाक कशी मारायची. नाही आठवलं."

आणि ती रडायला लागली. चेहरा झाकला नाही, पदर लावला नाही, हात मांडीवर तसेच. एकटं राहणाऱ्या माणसाला लपवायची सवय राहत नाही.

हाच क्षण यंत्र सुरू करायचा. काकांनी तोंड उघडलं. "बाई, मी बघा..." म्हणाले, आणि हसू जुळवायला गेले. ओठ हलले, पण पुढे काही येईना. त्यांना फक्त समोरची फुगलेली उशी दिसत होती. ते मागे वळले आणि जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरात धूळ ओतून तशीच टाकून आले.

तडक माझ्याकडे आले. "मी तसाच निघून आलो रे," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

"मग जा आणि उचल."

"कशाने उचलू? आतलं यंत्र बंद आहे. बायको गेली त्या दिवसापासून बंद आहे. मी नुसता तोंडाने घरघर करतोय."

माझ्याकडे कुठल्याही प्रसंगाला एक गोष्ट तयार असते. त्या दिवशी नव्हती. "माझ्याकडे काय बघतोस," मी म्हणालो, "मी तर देवालाही रंगवून सांगतो." ते हसले नाहीत. हसू नसलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हातारा दिसला, पण ओळखीचा वाटला.

इथून पुढचं त्यांनीच सांगितलेलं. त्यात मी काही घातलेलं नाही. घालायला गेलो होतो, पण बसेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तिचं दार वाजवलं.

"काय राहिलं?" बाई म्हणाली.

"माफी मागायची राहिली."

"मागा."

"चुकलं माझं."

"बरं. झालं?"

"नाही, अजून आहे. मी काल तुम्हाला सांगायला आलो होतो की प्रभूमुळे मी किती आनंदात आहे. मी आनंदात नाही. बायको गेल्यापासून मला प्रार्थनाही धड होत नाही. शब्द पुढे जातात, मी मागेच राहतो."

"मग सोडलात देवाला?"

"नाही ना. तीच पंचाईत आहे. तो आहे हे पक्कं ठाऊक आहे. आम्ही दोघं एका खोलीत बसलोय आणि कुणी बोलत नाही, असं चाललंय."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भांडणात असं होतं," ती म्हणाली. "आमचं व्हायचं. बसा. त्या खुर्चीत नको, इकडे स्टुलावर. आणि हे धरा." तिने केसांची एक लड त्यांच्या दोन्ही हातांवर पसरली. "हलू नका. तुम्ही फार हलता."

काका रोज जाऊ लागले. लड धरून बसत. ती बहिणीचं सांगे: चहा गार करून प्यायची, नाटक न बघताच त्याला नावं ठेवायची. काका चिमट्याचं सांगत. कधी कधी दोघंही काहीच सांगत नसत. तिला पाहुण्यांच्या रविवाराबद्दल काका एका शब्दाने बोलले नाहीत.

तो रविवार आला. चर्च गच्च. शिंपीही आला होता, पण दुसऱ्याचा पाहुणा म्हणून, आणि काकांना पाहून तो दोन बाक मागे सरकला. पाळकसाहेब म्हणाले, ज्यांनी कुणाला बरोबर आणलं आहे त्यांनी उभं राहावं. एकेक जोडी उभी राहिली. खिडकीशी काका बसूनच.

"काय काका?" साहेब हसून म्हणाले. "तुमचा तर बाक भरायचा होता."

"माझ्याबरोबर कोणी नाही, साहेब," काका म्हणाले. साधंच म्हणाले, पण त्या गर्दीत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. साहेबांनी घाईने गीत सुरू करायला सांगितलं.

काका गायला लागले. मान डावीकडे वळली, आणि या वेळी परत आली नाही. रिकाम्या जागेकडे बघत ते गात राहिले, भलत्याच सुरात, कॉलर भिजेपर्यंत. पेटी वाजवणारा गडबडून त्यांच्या सुरात गेला, आणि मग सगळी मंडळीच तशी गेली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणाऱ्या पुष्कळ साक्षी मी त्या चर्चमध्ये ऐकल्या आहेत. एक मीही दिली आहे; तीत एक देवदूत माझ्या ब्रेक नसलेल्या सायकलीला उतारावर मागून धरतो. त्या दिवशी मला माझ्या देवदूताची थोडी लाज वाटली.

उपासना संपल्यावर काका कुणाशी न बोलता विगवाल्या बाईकडे गेले.

"शिंपी काल सांगत होता," ती म्हणाली, "आज तुम्ही तिथे बाक भरणार होतात."

"हो."

"भरला?"

"नाही."

"मला विचारलं नाहीत."

"धीर झाला नाही. तुम्हाला वाटलं असतं, इतके दिवस केस धरून बसला तो त्यासाठीच."

"त्यासाठी नव्हतं?"

काकांनी विचार केला. "पहिल्या दिवशी होतं," ते म्हणाले.

"विचारलं असतं तरी आले नसते मी."

"माहीत आहे."

"कधीच येणार नाही, असं म्हणत नाही. पण आज आले नसते." तिने लड त्यांच्या हातांवर पसरली आणि आकडा उचलला. बराच वेळ काम चाललं. मग मान वर न करता ती म्हणाली, "त्याच्याशी बोलणं सुरू झालं का तुमचं?"

"आज गाताना. थोडंसं."

"मग त्याला सांगा, माझ्या बहिणीचा आवाज तेवढा जाऊ देऊ नको म्हणावं."

काकांना हात जोडता येईनात. हातांवर केस होते. त्यांनी डोळे मिटले. वीज नसलेल्या घरात यंत्र खपवणारा माणूस, पण शब्द शोधत बसला.

"प्रभू," ते म्हणाले, "हिला हिच्या बहिणीची हाक आठवू दे. मला माझ्या बायकोची. आम्ही दोघं इथेच आहोत."

मग त्यांनी डोळे उघडले.

"एवढंच?" बाई म्हणाली.

"एवढंच येतंय."

"शेवटी आमेन म्हणतात ना?"

"वाटलं तर म्हणायचं."

तिने म्हटलं नाही. आकड्याने लडीतला एक केस ओढून घेतला, जाळीत ओवला, गाठ मारली, आणि ती बसली का ते नखाने ओढून पाहिलं.

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "सकाळी माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."