दुसरे ठोके कुणाचे

“सिस्टर, दुसरे ठोके तुमचेच असतील,” डॉक्टर म्हणाले आणि हसू लपवायला त्यांनी केसपेपरमध्ये तोंड घातलं.

सिस्टरनी पोरीच्या पोटावर टेकवलेली लाकडी नळी काढली नाही. “माझे मी ओळखते. सात महिने शेजार आहे आमचा.”

सात महिन्यांपासून त्यांच्या डाव्या कानात त्यांच्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, “धोका काही नाही, सवय करून घ्या.” सवय झाली, पण बातमी प्रसूतिगृहात पोचली. एकतीस वर्षं या नळीतून गर्भातले ठोके मोजणाऱ्या सिस्टरना सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत. त्याच कानाची आता खात्री देता येत नव्हती. सोमवारपासून त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवायचं ठरलं. आज शनिवार होता.

“मग उजव्या कानानं ऐका की,” डॉक्टर म्हणाले.

“तो सासूबाईंसाठी होता. त्याला मोठंच ऐकायची सवय.”

टेबलावरची पोरगी कळ ओसरल्यावर घाबरून म्हणाली, “माझं काही चुकलंय का?”

“तुझं नाही गं. आमचं भांडण चाललंय.”

पोरगी पहिलटकरीण होती. आजवर कुठे दाखवलं नव्हतं, आली ती कळा सुरू झाल्यावरच. सोनोग्राफीचं यंत्र महिनाभर बंद होतं. ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रात डॉक्टरांना एकच बाळ सापडत होतं.

“यंत्र बिचारं आज्ञाधारक आहे,” सिस्टर म्हणाल्या. “ठेवाल तिथलंच सांगतं.”

आत दोघं असतील आणि कुणाला ठाऊक नसेल, तर पहिलं बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आवळणारं नेहमीचं इंजेक्शन दिलं जाणार आणि दुसरं आत अडकणार. डॉक्टरांनाही हे माहीत होतं. त्यांचं हसू मावळलं.

“डॉक्टर, तुम्ही यंत्र उजवीकडे लावा. इअरफोन लावून आवाज तुमच्या कानातच ठेवा आणि ठोक्यागणिक टेबलावर बोट आपटा. मी डावीकडचे धरते, मीही बोट आपटते. आणि मावशी, तुम्ही माझी नाडी धरा, पायानं ठेका द्या.”

“मला मेलीला ठेका कुठला!” आयाबाई म्हणाल्या, पण मनगट त्यांनी घट्ट पकडलं.

दोन बोटं आणि एक पाय सुरू झाले. पाय सावकाश पडत होता. दोन्ही बोटं घाईत होती, पण घाई एकसारखी नव्हती. एकत्र आली असं वाटेपर्यंत एक पुढे निघून जाई. मिनिटभरानं डॉक्टरांचं बोट हवेतच थांबलं.

“एकशे अठ्ठेचाळीस.”

“एकशे बत्तीस,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मावशींच्या पायातली मी, अठ्ठ्याहत्तर.”

“दोन आहेत,” डॉक्टर हळूच म्हणाले. मग ओरडलेच, “दोन आहेत! मुलांच्या डॉक्टरांना बोलवा!”

दुपारी अकरा मिनिटांच्या अंतरानं दोन मुली झाल्या. दोघींनी दवाखाना डोक्यावर घेतला. दारातली पोरीची सासू कपाळावर हात मारून हसत सुटली. “अगं बाई, दुपटं एकच आणलंय!”

“मग फाडा उभं!” आयाबाई म्हणाल्या.

चार वाजता डॉक्टर हात पुसत आले. “सिस्टर, खिडकीचं मी रद्द करून घेतो.”

“नको. आज तिन्ही वेगळे होते म्हणून निभावलं. बाळाचे मंदावले, धावपळीत माझे वाढले आणि दोन्ही एका आकड्यावर आले, तर? खिडकी ठीक आहे. पण रोज सकाळी तासभर मी इथे येणार.”

“कशाला?”

“तुम्हाला शिकवायला.”

डॉक्टरांनी तिथल्या तिथे नळी उचलली. शेजारच्या खाटेवरची दिवस भरलेली बाई कुतूहलानं बघत होती. मुठीत आवळलेली नळी तिच्या पोटावर टेकवून त्यांनी कान लावला.

“हात सोडा. नळी कानानंच धरायची.”

त्यांनी हात सोडले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. “सापडले! अगदी स्पष्ट.”

सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “ब्याण्णव. हे तुमचेच.”

खाटेवरची बाई खुदकन हसली, तशी नळी हलली.

“ते असू देत,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांच्या पलीकडचे ऐका.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. मनगट अजून सिस्टरच्या हातात होतं.