वरची ओळ

मीनाबाईने टॉवेलची गाठ सोडून अंबुबाईंचे दोन्ही हात मोकळे केले आणि मनगटांना खोबरेल चोळू लागली. कातडीवर लाल वळ उठले होते. म्हातारी लघवीची नळी ओढते, म्हणून तिचे हात पलंगाला बांधायचे, असा वृद्धाश्रमाच्या मॅनेजरचा, विरुपाक्ष सरांचा हुकूम. तीस म्हाताऱ्यांमागे दोन बाया ठेवल्या की दुसरं काय होणार!

"दुकतंय का, आज्जी?"

अंबुबाईंनी एक हात मीनाबाईच्या पदरात लपवला.

तेवढ्यात जोडीची दानेश्वरी आत आली. तिने दार लोटलं आणि कमरेला खोचलेला कागद काढला. मीनाबाईने तो लगेच ओळखला. म्हाताऱ्यांचे हात बांधतात, अशी तक्रार लिहून कालच तिने तो तक्रारपेटीत टाकला होता, बिननावाचा.

"तुज्याकडं कसा?"

"ऑफिस झाडताना काडला. पेटीची किल्ली सरांच्या ड्रॉवरातच असती, येडे. ट्रस्टी अण्णांच्या आदी सरच वाचतेत की."

"वाचू देत. मी नाव कुटं लिवलंय?"

दानेश्वरीने कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'नमो बुद्धाय'.

मीनाबाईने कपाळावर हात मारला. किराण्याच्या यादीवरही ही ओळ आधी लिहिल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नसे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून शहाणीने अख्खा कागद डाव्या हाताने लिहिला होता. आणि स्वयंपाकी-वॉचमन धरून आश्रमाच्या सात कामगारांत असं लिहिणारी ती एकटीच!

"तेवढं फाड. परत टाकते मी," दानेश्वरी म्हणाली.

"टाकून काय उपेग? सरच वाचणार की."

मीनाबाईला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. हे काम गेलं तर पुन्हा टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभं राहणं आलं, आणि गुडघे तर केव्हाच गेले होते. तिने तेलाचा हात पुसला, पेन घेतलं आणि तळाशी उजव्या हाताने लिहिलं, 'मीनाबाई त्रिंबक बनसोडे'.

"चारला ट्रस्टी येतेत न्हवं, गुरुबसप्पा अण्णा? त्यांच्या हातातच देते."

"काम जाईल तुजं."

"व्हय."

दानेश्वरीने कागद ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"हात बांधतंय कोण, ते लिवलं न्हाईस."

"न्हाई."

"का?"

"तू काय हौसेनं बांधतीस व्हय?"

दानेश्वरी पलंगाच्या कडेला बसली. ती जवळ आलेली पाहून अंबुबाईंनी दुसराही हात मीनाबाईच्या पदराखाली सारला. दानेश्वरीने ते पाहिलं. तिने खाली पडलेला टॉवेल पायाने पलंगाखाली सारला.

"पेन दे हिकडं."

तिने कागद मांडीवर उलटा केला. सवयीने आधी वर 'श्री गुरु बसवलिंगाय नमः' लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, 'अंबुबाईंचे हात मी बांधते.'