न बांधलेला स्टार्टर

मित्रांनो, मी जीपगाडीचा एक जुना स्टार्टर आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला झटका मी द्यायचो. मग ते आपलं आपण चालायचं आणि मी गप्प बसायचो.

हर्सूलच्या कारभारींची जीप दौलताबादला प्रवासी नेत असे. अकरा वर्षांत मी ती एकदाही ढकलू दिली नाही. दसऱ्याला कारभारी बॉनेट उघडून मलाही कुंकू लावायचे. "हा आपल्या घरचा माणूस," म्हणायचे.

एका सकाळी किल्ली फिरली आणि मी नुसता 'टक' वाजलो. माझ्यापर्यंत पुरेसा करंट येतच नव्हता. ठपका मात्र माझ्यावर आला. कारभारींनी मला खोलून अंगणात ठेवलं आणि मला तपासायला शेजारच्या बद्रीनाथच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली. मला बरं वाटलं. आता खरं काय ते कळणार होतं.

"आधी बांधा त्याला," त्यांच्या पत्नी वच्छलाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "करीम मिस्त्री मागं काय सांगून गेले? पैले बांधना, फिर तार लगाना."

"अकरा वर्सांची वळख हाय. मला चावतो व्हय?"

त्यांनी चपलेचा पाय माझ्यावर ठेवला आणि तार टेकवली. मी जीव तोडून फिरलो. फिरताना माझं अंग उलट बाजूला झटका मारतं, तो माझा स्वभावच आहे. मी पायाखालून उसळलो आणि त्यांच्या अंगठ्यावर पडलो.

"घरभेदी निघाला," ते कण्हत म्हणाले. मी फिरलो, म्हणजे मी चांगला होतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रागाच्या भरात त्यांनी नवा स्टार्टर बसवला. तोही 'टक' वाजला. मग करीम मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी जीपच्या बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा थर घासून काढला, तारा आवळल्या. गाडी लगेच सुरू झाली.

"कारभारी, पुराने में खोट नै थी."

कारभारींनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगठ्याच्या पट्टीकडे. "ऱ्हाऊ द्या आता त्याला."

मित्रांनो, हे काम मुलांचं नाही. पण घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा: आधी बॅटरीची टोकं घासून पाहा. मग स्टार्टर लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळा आणि करंट दोन-चार क्षणच द्या. तुम्ही मुलं मात्र लांब उभी राहा.

आता मी गोठ्याच्या दाराशी असतो. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून कारभारींनी मला दाराला दोरीनं बांधलं आहे. चांगलं घट्ट.