पिऊन दाखवलेलं पाणी

खालच्या वस्तीत त्यांना सगळे 'नळवाले' म्हणत, नगराध्यक्ष झाल्यावरसुद्धा. मूळचे ते प्लंबर. वस्तीतल्या बायका लांबून पाणी वाहतात म्हणून तरुणपणी त्यांनी पालिकेच्या दारात रिकाम्या बादल्या बडवल्या होत्या, आणि निवडून आल्यावर घरोघर नळ नेला होता. शहराच्या वरच्या भागात मात्र त्यांचं नाव काढलं की लोक नाक मुरडत. कंत्राटं आपल्याच माणसांना देतात, अधिकाऱ्यांना चारचौघांत झापतात, सभेत कुणाला बोलू देत नाहीत, असं म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण वस्तीत त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती, कारण तिथे अक्का राहायची.

अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं. भावाने बंगला बांधला तरी ती वस्तीतून हलली नाही. "तुझ्या बंगल्यात मला करमायचं नाही, बाळ. इथे दार उघडलं की चार माणसं दिसतात," ती म्हणायची.

एकदा दवाखान्यातली एक नर्स पालिकेच्या सभेत आली. म्हणाली, वस्तीतली मुलं एकामागून एक काविळीने आजारी पडतायत, नळाच्या पाण्याला वास येतोय, तपासून घ्या.

"बाई, तुम्ही आपल्या सुया टोचा," नळवाले म्हणाले. "पाण्यातलं आम्हाला कळतं."

सभागृह खो खो हसलं. नर्सचा चेहरा लालबुंद झाला. पुढे काही बोलायचं होतं ते तसंच गिळून ती खाली बसली.

पाण्यातलं त्यांना खरंच कळत होतं. नळ टाकले तेव्हा निवडणूक तोंडावर आली होती. पाण्याचे पाइप गटाराच्या पाइपांपासून लांब टाका, असं इंजिनिअर कळकळीने सांगत होता. त्यांनी त्याला गप्प बसवून दोन्ही एकाच चरात टाकायला लावले होते. वास म्हटल्याबरोबर त्यांना तो चर आठवला. म्हणूनच ते सगळ्यांत मोठ्याने हसले.

पण कुजबुज वाढली. मग त्यांनी वस्तीच्या चौकात सभा घेतली. टेबलावर पाण्याचा जग होता. ड्रायव्हरने तो गाडीतल्या विकतच्या बाटल्यांनी भरला होता. "हे तुमच्याच नळाचं पाणी!" असं म्हणत त्यांनी पेला घटाघटा रिकामा केला. टाळ्या पडल्या. पहिली टाळी अक्काची होती.

त्यानंतर अक्का दारोदार फिरली. कुणी पाणी उकळताना दिसलं की गॅस बंद करायला लावायची. "माझा भाऊ सगळ्यांसमोर प्यायला, तो काय वेडा आहे?" तिने स्वतःही उकळायचं सोडलं.

महिन्याभरात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताची नुसती काडी झालेली. नळवाले भेटायला गेले तेव्हा तीच नर्स तिचं सलाइन बदलत होती. अक्का तिला म्हणाली, "ताई, तुम्ही याच्यावर राग धरू नका. पाण्याचं काही नाही. मीच बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल."

नर्सने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांना फार बोलायला लावू नका," एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. अक्काच्या नजरेला नजर देववेना. ते कपाळ पुसत बाहेर आले.

पालिकेच्या पुढच्या सभेआधी पक्षाच्या लोकांनी त्यांना बाजूला घेतलं. तब्येतीचं कारण सांगा, राजीनामा द्या, गवगवा होणार नाही, असं समजावलं. सभेत ते उभे राहिले, पण सभागृह दणाणून सोडणारा आवाज फुटेचना. "चौकातल्या त्या जगमध्ये विकतच्या बाटलीतलं पाणी होतं," ते म्हणाले. "आणि एकच चर खोदायचा हुकूम माझा होता." मागच्या बाकांवरून कुणीतरी "मोठ्याने बोला!" म्हणून ओरडलं. त्यांना ते सगळं पुन्हा सांगावं लागलं.

त्याच दिवशी वस्तीचे नळ बंद झाले आणि टँकर सुरू झाले. नळवाल्यांचं पद गेलं. बंगल्याच्या फाटकासमोर त्यांच्या नावाने शिव्या देणाऱ्यांत वस्तीतलेच लोक जास्त होते.

अक्का बरी होऊन घरी आली, तेव्हा ते तिच्याकडे गेले. तिने बस म्हटलं नाही.

"लोकांनी सांगितलं मला. मी त्यांना खोटारडे म्हटलं. आता तू सांग."

त्यांनी सांगितलं. अक्काने कोपऱ्यातली काठी जवळ ओढली.

"मी प्यायले, त्याचं काही नाही रे. पण शेजारच्या सुनेने पातेलं चढवलं होतं, ते मी माझ्या हाताने उतरवलं. तिची पोरगी अजून अंथरुणात आहे. त्या दारावरून जाताना मला मान वर करता येत नाही."

"मी येतो, अक्का. माफी मागतो त्यांची."

"मी चाललेच आहे. तू माझ्याबरोबर येऊ नकोस. तुझ्यासोबत दिसायची लाज वाटते मला."

काठी टेकत ती गेली. थोड्या वेळाने तेही निघाले. शेजारच्या घरात अक्का त्या पोरीच्या उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. पोरगी किंवा तिची आई, कुणीच अक्कावर रागावलेलं दिसत नव्हतं. सुनेने त्यांना दारात पाहिलं. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. "अक्का, चहा टाकू का?" असं विचारून ती आत वळली.

गल्लीतून लोक येत-जात होते. त्यांच्याकडे पाहून पुढे जात होते. आत पाऊल टाकायचा धीर होईना, आणि परत फिरायचीही लाज वाटत होती. चपला हातात घेऊन नळवाले तिथेच, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.