हळद नको म्हणणारे व्याही

गोष्ट २०१८ सालची. तुळशीचं लग्न उरकलं आणि माझी नात प्रतीक्षा हिचं लोणारला जमलं. मुलगा गोपाल, त्याचं तिथे मोटार वाइंडिंगचं दुकान. माझा मुलगा ज्ञानेश्वर खर्च कुठे कमी करता येईल ते बघत होता. कार्यालय नको, डोणगावात घरापुढेच मांडव, जेवणात वांग्याची भाजी आणि बुंदी. तेवढ्यात व्याही भगवानरावांचा फोन आला. म्हणाले, साक्षगंधातच, म्हणजे साखरपुड्यातच, लग्न लावून टाकू. पन्नास माणसं. हळद नको, वरात नको, मानपान नको.

ज्ञानेश्वर अंगणात येऊन हसायलाच लागला. "माय, देव पावला वं!"

"काऊन नको म्हणते ते सगळं? काय लपवून राह्यले?"

"मागितलं तरी तुही कटकट, नाही मागितलं तरी कटकट!"

त्याला रेणुका आठवत नव्हती. माझी बालमैत्रीण. तिचंही लग्न असंच घाईत झालं होतं. भर दुपारी अक्षता पडल्या, दिवे लागायच्या आत पाठवणी. आम्हा पोरींना केवढं कौतुक! सासरी गेल्यावर तिला कळलं, नवऱ्याला अंधार पडला की दिसत नाही. माणूस चांगला होता. "आधी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं," ती म्हणायची. "पण मले कोणी इचारलंच नाही."

पुढच्या रविवारी गोपाल कपड्यांची पसंती करायला आला. दिवेलागणीला मी म्हटलं, "जावईबापू, कोठीतून पायली आणता? बल्ब गेला तिथला." त्याने मोबाइलचा उजेड पाडला आणि पायली आणून दिली. माझी परीक्षा वाया. वर म्हणाला, "आजी, बल्ब चांगला हाय, होल्डर ढिलं होतं. बसवलं." मग मी पाठीमागून हळूच त्याचं नाव घेतलं. लगेच वळला.

"आत्याबाई, आता दातही मोजून घ्या," माझी सून सारिका म्हणाली.

जाताना त्याची नजर प्रतीक्षाच्या पायांकडे गेली, मग माझ्याकडे. त्यानंतर मी तिचे पायमोजे पाहिले. दसऱ्यापासून ही पोरगी घरातही मोजे घालत होती. मला कॉलेजची फॅशन वाटली होती.

सकाळी न्हाणीपाशी तिला गाठलं. "काढ मोजे."

घोट्यावर रुपयाएवढा पांढरा डाग. दुसरा अंगठ्याजवळ. कोड.

"खामगावच्या डॉक्टरले दाखवलं, आजी. लागण होत नाही म्हणे."

"गोपालले माहीत हाय?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच्या घरी नाही. तो म्हणे, हळदीले तिकडल्या बाया येतील, पायाले हळद लावतील. साक्षगंधात लग्न लागलं तर पायांकडे कोण पाहते? त्यानंच वडिलाच्या डोक्यात स्वस्तातलं लग्न भरवलं." तिने माझा हात धरला. "तू बोललीस तर मोडलं."

म्हणजे मी व्याह्यांच्या घरात शोधत होते ते माझ्याच घरात होतं.

साक्षगंधाच्या दिवसापर्यंत मी बोलले नाही. त्या दिवशी गोपालची आई पुष्पाबाई साडी घेऊन आतल्या खोलीत आल्या. प्रतीक्षा होती, सारिका होती. पुष्पाबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "विहीणबाई, पोट्टं एवढी घाई काऊन करून राह्यलं? मले काही समजून नाही राह्यलं. तुम्हाले माहीत हाय का?"

त्यांनी विचारलं होतं. मी कडी लावली. "प्रतीक्षा, मोजे काढ."

पोरीने माझ्याकडे वैरीण असल्यासारखं पाहिलं. पुष्पाबाई वाकल्या, डागावर अंगठा घासून पाहिला.

"गोपालले माहीत हाय?"

"हो. पहिल्यापासून," मी म्हटलं.

त्या पेटीवर बसल्या. बाहेर अक्षता वाटणं सुरू झालं होतं.

"मले नाही सांगितलं त्यानं. मी नाही म्हणीन असं वाटलं त्याले." अंगठ्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हटलंही असतं."

बाहेरून ज्ञानेश्वर हाका मारत होता. मग पुष्पाबाई पदर खोचत उठल्या. "हळद हाय का घरात?"

त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत सारिकाने कालवलेल्या हळदीची वाटी पुढे केली. पुष्पाबाईंनी प्रतीक्षाची दोन्ही पावलं घोट्यापर्यंत माखली. "लग्न लागू द्या. पण त्या पोट्ट्याशी मी बोलत नाही."

आणि बोलल्या नाहीत, पोळ्यापर्यंत. "तुह्या नवऱ्याले सांग, जेवाले ये," असे निरोप सुनेकडून जायचे. प्रतीक्षाचे डाग आता हातांवर आले आहेत. ती मोजे घालत नाही, दुकानात गल्ल्यावर बसते. कोणी गिऱ्हाईक टक लावून पाहू लागलं की पुष्पाबाई त्याला असं झापतात की गोपालला मध्ये पडावं लागतं. भगवानराव कोरोनात गेले. पोराचं लग्न आपण अक्कलहुशारीने पन्नास माणसांत लावलं, हे शेवटपर्यंत सांगत होते. ज्ञानेश्वरने वाचलेल्या पैशांत घरावर स्लॅब टाकला, आणि व्याही असावा तर असा, असं अजून म्हणतो. रेणुका गेली. तिच्या नवऱ्याला आता संध्याकाळी नातू हात धरून आत नेतो.

राहिली सारिका. ज्या लग्नात हळद नव्हती, त्या लग्नात तिने हळद कालवून कोणासाठी ठेवली होती? मी विचारते, तेव्हा ती म्हणते, "आत्याबाई, चहा थंडा होऊन राह्यला."